माणसाहून अधिक

रहस्यकथेतले प्रश्न ठरलेले असतात. खून कुणी केला, दागिने कुणी पळवले, कागद कुठे दडवला? उर्दूत इब्ने सफी आणि मराठीत बाबूराव अर्नाळकर यांच्या पुस्तकांवर वाढलेल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. शेवटच्या पानांत मुखवटा ओढला जातो, गुन्हेगार दिसतो आणि वाचक दिवा मालवून झोपतो. जॉन ग्रीन या अमेरिकन लेखकाची 'पेपर टाउन्स' ही कादंबरी किशोरांसाठी लिहिलेली रहस्यकथाच आहे. २००८ साली ती प्रसिद्ध झाली आणि २००९ साली तिला किशोर कादंबरीसाठीचे एडगर पारितोषिक मिळाले. अमेरिकेतल्या रहस्यकथाकारांची संघटना हे पारितोषिक देते. पण या कादंबरीत खुनाचा तपास नाही की चोरीचा नाही. एक मुलगी घरातून निघून जाते आणि शेजारचा मुलगा तिला शोधतो, एवढेच. शेवटी मुखवटा ओढला जातो, पण तो गुन्हेगाराचा नव्हे. शोधणाऱ्यानेच तो त्या मुलीच्या चेहऱ्यावर चढवलेला असतो.

कादंबरीच्या शेवटाकडे या मुलाच्या, म्हणजे क्वेंटिनच्या, मनात एक वाक्य येते. जेमतेम एका ओळीचे. माणसाला माणसाहून अधिक काही समजून बसणे यात दगा आहे, असा त्याचा आशय. या पुस्तकातले सर्वांत मोलाचे वाक्य म्हणून बरेच वाचक त्याच्याकडेच बोट दाखवतात. आमचेही मत तेच, मात्र आमचे कारण निराळे आहे. सर्वसाधारणपणे त्याचा अर्थ असा लावला जातो की, कुणाला डोक्यावर बसवू नये, नाहीतर पुढे निराशा पदरी येते. हा सल्ला वाईट नाही, पण तो व्यवहाराचा झाला, नीतीचा नव्हे. गहाण न ठेवता उसने देऊ नये, या जातीचा तो सल्ला. लेखकाने तर दग्याचाच शब्द योजला आहे. त्याला 'चूक' म्हणता आले असते, 'भ्रम' म्हणता आले असते. भ्रम माणसाला एकट्याला होतो, दगा मात्र कुणाला तरी दिला जातो. (भाषेच्या शिक्षकाची खोड म्हणून सांगतो, की मूळ इंग्रजी शब्द दगाबाज माणसालाही लावतात आणि वरून घट्ट दिसणाऱ्या पण पाय ठेवताच फुटणाऱ्या बर्फालाही.) मग या गोष्टीत दगा कुणाला झाला? आमच्या दृष्टीने या रहस्यकथेतले खरे रहस्य हेच आहे, आणि त्याचे उत्तर कादंबरीचा नायक अर्धेच देतो.

आधी कथा थोडक्यात. फ्लोरिडातल्या ऑर्लँडो शहराच्या एका वसाहतीत एकसारख्या घरांच्या रांगेत मार्गो रॉथ स्पीगलमन आणि क्वेंटिन जेकबसन शेजारी शेजारी राहतात. नऊ वर्षांची असताना दोघांना बागेत झाडाखाली एक मृतदेह दिसतो. क्वेंटिन मागे सरकतो, मार्गो पुढे जाते. पुढे जाऊन ती चौकशीही करते. त्या माणसाचे नाव काय, त्याचे घर कसे मोडले, त्याने स्वतःवर गोळी का झाडली असेल. त्याच्या आतल्या सगळ्या दोऱ्या तुटल्या असाव्यात, हा तिचा निष्कर्ष. पुढे शाळेत दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. मार्गो ही दंतकथा होते. ती सर्कशीबरोबर हिंडून आली म्हणे. एकदा घर सोडताना तिने आईवडिलांना सुगावा म्हणून अक्षरांच्या शेवयांच्या सूपमध्ये एम, आय, एस, पी एवढी चारच अक्षरे ठेवली आणि मिसिसिपी गाठले म्हणे. शाळा संपायला काही आठवडे उरले असताना एका मध्यरात्री ती क्वेंटिनच्या खिडकीत उभी राहते, त्याच्या आईची गाडी काढायला लावते आणि ज्यांनी तिला फसवले त्यांच्यावर सूड उगवण्याची अकरा कामे एका रात्रीत उरकते. एका उंच इमारतीवरून शहराकडे बघत ती म्हणते, हे गाव कागदी आहे आणि इथली माणसेही कागदी. दुसऱ्या दिवसापासून ती बेपत्ता. आईवडील दाराची कुलपे बदलतात. ती अठरा वर्षांची आहे, त्यामुळे पोलीसही फारसे काही करत नाहीत. तिला शोधायला उरतो एकटा क्वेंटिन.

शोधाचा मधला भाग आम्हाला सगळ्यांत मोलाचा वाटला, कारण त्यात एक शिक्षक आहे. मार्गोच्या मागे राहिलेल्या खुणांत वॉल्ट व्हिटमनचा 'लीव्हज ऑफ ग्रास' हा काव्यसंग्रह आहे आणि त्यातल्या एका दीर्घ कवितेच्या काही ओळींवर रंग फिरवलेला आहे. क्वेंटिन रंगवलेल्या ओळी तेवढ्या वाचतो. कुलपाच्या किल्ल्या शोधाव्यात तसे तो शब्द उलटेपालटे करतो. त्याच्या इंग्रजीच्या बाई, डॉक्टर होल्डन, त्याला टोकतात. निरोप शोधण्यासाठी कविता वाचायची नसते, ती अखंड वाच, असे त्यांचे म्हणणे. दहावीच्या वर्गात 'अपेक्षित' प्रश्नसंचांतून कविता वाचणारी मुले बघत आलेल्या आमच्यासारख्यांना त्या बाईंचा चेहराच डोळ्यांपुढे उभा राहिला. क्वेंटिनला हे पटायला बरेच दिवस लागतात. मग एकदा तो कविता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो, आणि कवी जखमी माणसाची विचारपूस करून थांबत नाही तर स्वतःच तो जखमी होऊन बघतो, ही गोष्ट त्याच्या ध्यानी येते. त्याला कळते की, आजवर आपण मार्गोलाही असेच वाचले. आपल्यासाठी रंगवलेल्या ओळींपुरते.

तोवर भीतीने त्याला ग्रासलेले असते. त्या ओळी मृत्यूच्या तर नाहीत ना? फ्लोरिडात अर्धवट बांधून सोडून दिलेल्या वसाहती आहेत. नकाशावर रस्ते आहेत, रस्त्यांना नावे आहेत, घरे मात्र नाहीत. तिथे तो एकटा हिंडतो तेव्हा तो मार्गोला शोधत नसतो, तिचे प्रेत शोधत असतो. हे आम्हाला फार अचूक वाटले. ज्याला आपण माणसाहून अधिक मानतो त्याच्या बाबतीत आपल्याला दोनच शेवट सुचतात, चमत्कार किंवा मृत्यू. ती कुठेतरी कंटाळून बसली असेल, तिला सर्दी झाली असेल, तिने आठवडाभर कपडे धुतले नसतील, हे सुचतच नाही.

आणि ती सापडते तेव्हा साधारण तशीच सापडते. क्वेंटिन, त्याचे मित्र बेन आणि रडार, आणि मार्गोची मैत्रीण लेसी असे चौघे पदवीदान समारंभ सोडून गाडीने निघतात, जवळजवळ एकवीस तास सलग प्रवास करतात आणि न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅगलो नावाच्या ठिकाणी पोहोचतात. एका मोडक्या कोठारात मार्गो वहीत काहीतरी लिहीत बसलेली असते. ती धावत येत नाही. तिला आनंदही होत नाही. उलट ती चिडते. आपल्याला शोधून काढावे, अशी तिची इच्छाच नव्हती. ज्या खुणांना क्वेंटिन हाक समजत होता, त्या हाका नव्हत्या. तिथेच पुढे त्याला ते वाक्य सुचते.

उर्दू गझल शिकवताना आमच्या मनात नेहमी एक गोष्ट येते. गझलेत प्रेयसीला 'बुत' म्हणतात, 'सनम' म्हणतात. दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ मूर्ती. म्हणजे आपण एका माणसाची मूर्ती करतो आहोत, हे आमच्या शायरांना पक्के ठाऊक होते आणि ते कबूल करायची त्यांना लाजही नव्हती. उलट त्यापायी स्वतःला 'काफिर' म्हणवून घेण्यात त्यांना मौज वाटे. मूर्ती बोलत नाही, आणि गझलेतली प्रेयसीही क्वचितच बोलते. सारे बोलणे आशिकाचे. गझलेच्या दोन ओळींत हे शोभते, कारण तिथे खरी कुणी मुलगी उपाशी बसलेली नसते. पण ऑर्लँडोच्या त्या वसाहतीत खिडकीपलीकडे खरी मुलगी होती, आणि आईवडिलांनी कुलपे बदलण्याआधी कित्येक वर्षे ती तिथेच होती. क्वेंटिनने तिचे नाव मनात हजार वेळा घेतले, पण तिच्या घरात काय चालले आहे हे त्याने एकदाही विचारले नाही. विचारायचे कशाला? चमत्काराला घर नसते.

हा झाला मार्गोला दिलेला दगा, आणि तो क्वेंटिनला उमगतो. कादंबरी इथे प्रामाणिकही आहे. या खेळात मार्गोही सामील होती, हे ती झाकत नाही. लोकांना आपली कल्पना आवडते, आपण नाही, हे मार्गोला कळत होते, तरी ती कल्पना होणे तिलाही हवेहवेसे वाटत होते. तिच्या त्या वहीत लहानपणी लिहिलेली एक गुप्तहेरकथा निघते, आणि तिच्यात नऊ वर्षांचा क्वेंटिन शूर नायक आहे. म्हणजे जिथे तो मागे सरकला होता तिथे तिने त्याला कागदावर पुढे ढकलले होते. दोघांनी एकमेकांना फुगवून ठेवले होते आणि दोघेही एकमेकांवर नाराज होते.

पण दग्याचा हिशेब इथे पुरा होत नाही, असे आम्हाला वाटते. या पुस्तकात आमचे लक्ष वारंवार जात राहिले ते रडारकडे. रडार हा क्वेंटिनचा मित्र, काळा मुलगा, हुशार. काळ्या सांताक्लॉजच्या पुतळ्यांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह त्याच्या आईवडिलांनी घरात मांडून ठेवला आहे, आणि ते बघून आपली मैत्रीण अँजेला काय म्हणेल या काळजीने तो तिला घरी आणायला धजत नाही. आता अठराव्या वर्षी ही काही लहान अडचण नव्हे. पण क्वेंटिनला तिच्यासाठी सवड नाही. त्याला रडार हवा असतो तो संगणकावरची माहिती चाळून द्यायला. मित्र आपल्याइतके मार्गोसाठी तळमळत नाहीत म्हणून क्वेंटिन एकदा कुरकुरतो, तेव्हा रडार त्याला अगदी सरळ सुनावतो. माणसांनी स्वतःसारखे असू नये अशी तुझी अपेक्षा असते, हाच तुझा दोष. माझ्या मैत्रिणीचे कसे चालले आहे हे तू कधी विचारत नाहीस, म्हणून मलाही तुझा राग धरता आला असता, पण तू तसा आहेस हे मी मान्य केले आहे, असा त्याचा मतलब. गाजलेल्या त्या वाक्याचे हे जुळे भावंड. ते पुस्तकात कितीतरी आधी येते, आणि बोलतो तो दुय्यम पात्र. म्हणून फारसे कुणी ते लक्षात ठेवत नाही.

आमचे म्हणणे असे, की एखाद्याला माणसाहून जे अधिक दिले जाते ते आभाळातून पडत नाही, ते दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून कापलेले असते. मार्गो जितकी मोठी होते, तितके रडार आणि बेन लहान होतात. एकाच्या ताटात ढीग वाढायचा तर पातेल्यात कमी उरणारच. गंमत अशी की, मार्गोला स्वतःला हे अक्षरांच्या बाबतीत कळत होते. इंग्रजीत वाक्याच्या आरंभी आणि विशेषनामाला मोठे अक्षर देतात. मार्गो मात्र शब्दांच्या अधेमध्ये कुठेही मोठी अक्षरे पेरते, कारण तो नियम मधल्या शब्दांवर अन्याय करतो, असे तिचे मत. उर्दूत मोठी अक्षरे नाहीत, मराठीतही नाहीत, तेव्हा आमच्या वर्गात हा अन्याय समजावून सांगायलाच अर्धा तास जातो. पण मधल्या शब्दांवरचा अन्याय कुणाला कळत नाही? बेन आणि रडार हे या कथेतले मधले शब्द आहेत. रात्रीच्या त्या प्रवासात रस्त्यावर अचानक गाय आडवी येते आणि बेन स्टीअरिंग ओढून साऱ्यांचे प्राण वाचवतो. ज्याला आतापर्यंत सगळे वाचाळ समजत होते, तोच.

आपल्याकडेही बघा. आईच्या पायांखाली जन्नत आहे हे प्रत्येक जलशात ऐकवणाऱ्या घरात आई शेवटी जेवते, आणि उरलेले जेवते. जन्नतीला भूक कसली? शिक्षकदिनी शिक्षकाला राष्ट्राचा शिल्पकार म्हणून शाल देतात आणि शाल घडी करून होत नाही तोच त्याच्या हातात मतदारयाद्यांचे काम ठेवतात. (यात तक्रार कमी आणि गंमत जास्त आहे.) याहून आमच्या काळजाला लागणारी गोष्ट बोर्डात वर आलेल्या मुलींची. मोहल्ल्यात हार-तुरे होतात, 'कौम की शान' असा फलक लागतो, मंचावर तिला भाषण करायला लावतात. पुढे तिला काय शिकायचे आहे, हे विचारायचे राहून जाते, कारण शान या शब्दाला आवडनिवड नसते. आणि त्याच वर्गातली, घरी चार भावंडे सांभाळून बावन्न टक्के मिळवणारी मुलगी त्या फलकाच्या सावलीत उभी असते. फलकाने दोघींचेही काहीतरी नेले, पहिलीचे तिला वर चढवून आणि दुसरीचे तिला न पाहून. ज्याला माणसाहून अधिक म्हटले त्याला माणसाचे देणे द्यावे लागत नाही, ही यातली सोय आहे. क्वेंटिनने मार्गोच्या बाबतीत ही सोय वापरली. त्या बदल्यात एकवीस तास गाडी हाकली, हे खरे. पण एकवीस तास गाडी हाकणे हे शेजारच्या खिडकीत जाऊन "जेवलीस का?" विचारण्यापेक्षा सोपे असते, असे आमचे मत आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. वाढवून पाहिल्याशिवाय प्रेम होते का? मार्गो ही क्वेंटिनला चारचौघींसारखी वाटली असती तर तो व्हिटमन वाचतो ना, घराबाहेर पडतो ना. या आक्षेपाची बाजू खुद्द अ‍ॅगलो मांडते, कारण ते गाव लेखकाच्या कल्पनेतले नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या जनरल ड्राफ्टिंग या नकाशे काढणाऱ्या कंपनीच्या ऑटो लिंडबर्ग आणि अर्नेस्ट आल्पर्स या दोघांनी आपल्या नावांची आद्याक्षरे उलटसुलट करून हे नाव बनवले आणि कॅट्सकिल डोंगराळ भागातल्या एका कच्च्या रस्त्याच्या तिठ्यावर टाकून दिले. तिथे गाव नव्हते. कुणी आपला नकाशा चोरून छापलाच तर हे खोटे गाव चोराला पकडून देईल, असा डाव. पुढे रँड मॅकनॅली या दुसऱ्या कंपनीच्या नकाशात अ‍ॅगलो दिसले. चोर सापडला, असे पहिल्यांना वाटले. पण त्या जागी खरोखरच 'अ‍ॅगलो जनरल स्टोअर' नावाचे दुकान उभे होते! एस्सो कंपनीचे पेट्रोल घेणाऱ्यांना जो नकाशा मिळे त्यावर हे नाव पाहून दुकानदाराने ते दुकानाला दिले होते. कागदावरची थाप अशी जमिनीवर उतरली. माणसाला वाढवून पाहिले तर तोही तसा वाढत नाही का, असे कुणी म्हणेल. शिक्षकी पेशा तर बराचसा याच आशेवर चालतो.

पण दुकान पुढे बंद पडले. नकाशावरच्या नावाने दुकान उघडते. ते चालायला मात्र मीठ-तेल घेणारे गिऱ्हाईक लागते. नाव त्यानंतरही कितीतरी वर्षे नकाशांवर टिकून होते, गुगलच्या नकाशावरून ते २०१४ साली गेले. आम्ही विद्यार्थ्यांकडून मोठी आशा ठेवतो ती त्याला बघून ठेवली असेल तर त्याला ती उपयोगी पडते. न बघता ठेवली तर त्या आशेला आम्ही जपतो, विद्यार्थ्याला नव्हे. आणि क्वेंटिन व्हिटमन वाचू शकला तो मार्गोला मोठे मानल्यामुळे नाही. तिला मोठे मानत होता तोवर त्याने रंगवलेल्या ओळीच वाचल्या होत्या.

कादंबरीविषयी आमची एक तक्रार मात्र शिल्लक राहते. ज्या मुलीला बोलू दिले नाही, असा लेखकाचा मुख्य आरोप, तिला लेखकानेही शेवटची थोडी पानेच दिली आहेत. दग्याचा निवाडाही क्वेंटिन करतो, तोच आरोपी आणि तोच काझी. पण त्या थोड्या पानांत एक प्रसंग असा आहे की, त्याने आमची तक्रार निम्मी केली. अ‍ॅगलोमधून मार्गो घरी फोन करते. आईवडिलांशी बोलणे होते ते कोरडेच. मग ती धाकट्या बहिणीशी, रूथीशी बोलते. आतापर्यंतच्या साऱ्या पुस्तकात रूथी कोपऱ्यात कुठेतरी होती. तिच्याशी बोलताना मार्गो दंतकथाही नसते की कागदी मुलगीही नसते, कोणत्याही घरातली ताई असते तशी ती बोलते. पोलीस, आईवडील, वर्गातली मुले, क्वेंटिन, साऱ्यांनी आपापली मार्गो शोधली. ती हरवल्यावर तिची वाट बघणारे घरात कुणी असेल, हे एवढ्या सगळ्या तपासात कुणालाच सुचले नव्हते.